बार्तोक मास्तर

युरोपीय संगीताच्या इतिहासात बेला बार्तोक हे नाव बहुधा तीन नात्यांनी येते. सहा स्ट्रिंग क्वार्टेट आणि ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ लिहिणारे संगीतरचनाकार, फोनोग्राफ पाठीशी बांधून खेडोपाडी हिंडलेले लोकसंगीताचे संशोधक, आणि स्वतःच्या रचना घेऊन युरोप-अमेरिकेचे दौरे करणारे पियानोवादक. चौथे नाते चरित्रकार एका ओळीत उरकतात: १९०७ ते १९३४ या काळात ते बुडापेस्टच्या संगीत अकादमीत पियानोचे प्राध्यापक होते. ६४ वर्षांच्या आयुष्यातली २७ वर्षे एका ओळीत! त्या ओळीचा सूरही ठरलेला असतो. घरखर्चासाठी नोकरी करावी लागली, तासांनी दिवस खाल्ले, आणि उरलेल्या वेळात या माणसाने एवढे मोठे काम केले, असा तो कौतुकमिश्रित हळहळीचा सूर. ही हळहळ अनाठायी आहे असे मला वाटते. बार्तोक यांचा पियानोचा वर्ग त्यांच्या रचनेच्या आड आला नाही. एक अडचण वेगळी काढायची, तिला नाव द्यायचे, ती हाताला आणि कानाला सोसेल अशा क्रमाने मांडायची, ही त्यांच्या संगीतातली मूळ शिस्त या वर्गात घडली. त्यांनी काय शिकवले आणि काय शिकवायला जन्मभर नकार दिला, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते.

नोकरी ओझे होती, असे म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही हे आधी मान्य करायला हवे. बार्तोक स्वभावाने अबोल, लोकांत न मिसळणारे होते. शिकवणे हे आपले जीवितकार्य आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. लोकगीतांच्या कामाला पूर्ण वेळ मिळावा ही त्यांची इच्छा उघड होती, आणि १९३४ मध्ये हंगेरियन विज्ञान अकादमीत लोकगीतांच्या संपादनाचे काम मिळताच त्यांनी वर्ग सोडला तो कायमचा. पुन्हा संस्थेत पियानो शिकवायला ते गेले नाहीत. शिवाय त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी जी नावे जगाला ठाऊक झाली, त्यांतली दोन मोठी नावे, फ्रिट्झ रायनर आणि जॉर्ज शोल्ती, पियानोसाठी नव्हे तर वाद्यवृंदाच्या संचालनासाठी गाजली. शोल्तींना तर बार्तोक अगदी थोडे आठवडे, दुसऱ्या शिक्षकांच्या आजारपणात बदली म्हणून लाभले होते. तोमान, लेशेटित्स्की या पियानो-शिक्षकांसारखी वादकांची परंपरा बार्तोक यांच्या नावावर नाही. हे सगळे खरे आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की त्यांना नोकरी आवडत नव्हती. न आवडणाऱ्या कामाचा माणसाच्या विचारावर ठसा उमटत नाही, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

बार्तोक शिक्षकांच्याच घरात जन्मले. १८८१ मध्ये, आज रुमानियात असलेल्या एका गावात. वडील शेतकी शाळेचे मुख्याध्यापक, ते १८८८ मध्ये वारले. आई पाउला यांनी शिक्षिकेची नोकरी करत, गावे बदलत दोन मुलांना वाढवले. बेलाला पियानोचे पहिले धडे तिनेच दिले. ११ व्या वर्षी मुलगा लोकांसमोर वाजवायला बसला तेव्हा कार्यक्रमात त्याची स्वतःची, डॅन्यूब नदीच्या प्रवाहावरची एक रचनाही होती. १८९९ मध्ये व्हिएन्नाचा मार्ग मोकळा असूनही त्याने बुडापेस्ट निवडले. शाळेत चार वर्षे पुढे असलेला एर्नो दोहनान्यी तिथेच गेला होता, हे त्याचे मुख्य कारण. अकादमीत पियानोचे शिक्षक इश्तवान तोमान मिळाले. हे तोमान फ्रान्झ लिस्ट यांचे शिष्य, आणि लिस्ट त्या अकादमीचे पहिले अध्यक्ष. जानेवारी १९०७ मध्ये तोमान यांच्या जागी २५ वर्षांचे बार्तोक नेमले गेले, तेव्हा लिस्टपासून आलेली गादीच त्यांच्याकडे आली. आपल्याकडे घराण्याच्या गादीला जो मान असतो, तसाच काहीसा मान त्या काळच्या बुडापेस्टमध्ये या जागेला होता.

ही नेमणूक झाली तेव्हाची त्यांची स्थिती पाहण्यासारखी आहे. १९०५ मध्ये पॅरिसला रुबिनस्टाइन स्पर्धेत ते पियानोवादनात विल्हेल्म बाकहाउस यांच्या मागे राहिले, आणि रचनेचे पारितोषिक परीक्षकांनी कोणालाच दिले नाही. रिचर्ड स्ट्राउस यांच्या प्रभावाखाली लिहिलेल्या ‘कोशुत’ या सिंफनिक काव्याने १९०४ मध्ये देशात नाव झाले होते, पण त्या वाटेने आता पुढे जाता येईना. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी लिडी दोशा या ट्रान्सिल्व्हेनियातून आलेल्या, घरात कामाला असलेल्या तरुणीचे गाणे कानी पडले. शहरातल्या कॅफेंत ‘हंगेरियन’ म्हणून वाजणाऱ्या जिप्सी बँडच्या संगीताहून हे काही निराळेच आहे, हे बार्तोक यांच्या ध्यानात आले. १९०५ मध्ये संगीतरचनाकार झोल्तान कोदाय भेटले. १९०६ मध्ये दोघांनी मिळून २० लोकगीतांचा छोटा संग्रह काढला. याच सुमारास अकादमीची नोकरी आली. पगारी माणसाला लांब सुट्या असतात, हे साधे पण महत्त्वाचे. मैफली मिळवण्यासाठी युरोपभर फिरणाऱ्या तरुण वादकाला आठवडेच्या आठवडे ट्रान्सिल्व्हेनियातल्या चीक परगण्यातल्या खेड्यांत राहणे परवडले नसते. १९०७ च्या उन्हाळ्यात बार्तोक तिथे गेले आणि पाच स्वरांच्या जुन्या चालींचा साठा त्यांच्या हाती लागला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत हंगेरियन, स्लोव्हाक, रुमानियन गावांतून त्यांनी हजारो चाली गोळा केल्या, त्यात एकट्या रुमानियन चाली तीन हजारांहून अधिक. १९१३ मध्ये अल्जीरियातल्या बिस्क्रापर्यंत ते पोचले. हे सारे प्राध्यापकाच्या वेळापत्रकात बसले.

पण वेळापत्रकापेक्षाही मोठी गोष्ट वर्गात घडत होती. नोकरी लागल्यावर वर्ष-दीड वर्षात त्यांच्या लेखनाची दिशा बदलली. १९०८ मध्ये ‘दहा सोप्या रचना’ आल्या. १९०८-०९ मध्ये ‘मुलांसाठी’ हा संग्रह आला: ८५ छोट्या रचना, सगळ्या हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवर, आणि सगळ्या अशा की मुलाच्या पंजाला सप्तकाचा ताण पडू नये. एकीकडे ‘चौदा बॅगाटेल’सारखे त्या काळाला धाडसी वाटणारे संगीत आणि दुसरीकडे लहान मुलांसाठी ही पुस्तके, एकाच वर्षात. हे दोन वेगळे बार्तोक आहेत असे मानायचे कारण नाही. लोकगीताची चाल अगदी थोड्या स्वरांत उभी असते. तिला साथ द्यायची तर तीही मोजक्या स्वरांत द्यावी लागते, नाहीतर चाल बुडते. मुलाचा हातही मोजकेच स्वर देऊ शकतो. पियानोच्या वर्गाने रचनाकारावर घातलेली मर्यादा आणि लोकगीताने घातलेली मर्यादा इथे एकच झाली. बॅगाटेलमधला काटकसरी, उघडावाघडा पोत याच अभ्यासातून आला, असे मी म्हणेन.

याच वर्षांत त्यांनी हंगेरियन प्रकाशकांसाठी बाख, हायडन, मोत्सार्ट, बेथोव्हेन यांच्या रचनांच्या शिकाऊ आवृत्त्या संपादित केल्या. रचनाकाराच्या चरित्रात अशा कामाला कोणी किंमत देत नाही, कारण ते पैशासाठी केलेले असते. पण बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’चे त्यांनी काय केले ते पाहावे. बाखने ४८ प्रील्यूड आणि फ्यूग स्वरपट्टीच्या क्रमाने लावले आहेत. बार्तोक यांनी तो क्रम मोडला आणि सोप्याकडून अवघडाकडे अशी नवी मांडणी केली. शुद्धतेचे भोक्ते यावर नाक मुरडतात, आणि बाखच्या आराखड्याचा विचार केला तर त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. पण ही मांडणी करायची तर प्रत्येक फ्यूगमध्ये वाजवणाऱ्याची नेमकी अडचण कुठे आहे हे आधी पक्के ठरवावे लागते: चार आवाज वेगळे ऐकू येणे अवघड आहे, की उजव्या हाताच्या अशक्त बोटांवर एक आवाज पेलणे? संगीताकडे अडचणींचा क्रम म्हणून पाहण्याची नजर इथे तयार झाली. तीस वर्षांनी तिचे फळ ‘मिक्रोकोस्मोस’ या त्यांच्या पियानो-रचनांच्या संग्रहात दिसते.

१९१३ मध्ये शांदोर रेशोफ्स्की यांच्याबरोबर त्यांनी नवशिक्यांसाठी पियानोचे पाठ्यपुस्तक तयार केले. त्यातल्या रचना पुढे १९२९ मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणूनही निघाल्या. पाठ्यपुस्तकात आणि या सुमाराच्या आवृत्त्यांत बार्तोक यांचा सगळ्यात मोठा आग्रह स्पर्शाबद्दल आहे. स्वर तोडायचा तर किती तोडायचा, टिंब आणि टोकदार खूण यांत फरक काय, आडवी रेघ असेल तर स्वर किती धरायचा, दोन स्वर जोडणाऱ्या कमानीखाली टिंबे असली तर काय करायचे, हे ते बारकाईने ठरवून देतात. हा मास्तरी कीस वाटेल. पण हाच माणूस त्याच काळात फोनोग्राफच्या सिलिंडरवरून शेतकरी बायकांचे गाणे कागदावर उतरवत होता, आणि तिथेही प्रश्न हाच होता: गाणारीने स्वर किती धरला, कुठून सरकत आणला, कुठे सोडला. आधी ढोबळ उतरवलेली गीते त्यांनी पुढे विज्ञान अकादमीत बसून पुन्हा पुन्हा ऐकून अधिकाधिक सूक्ष्म लिहिली. वर्गात विद्यार्थ्याच्या बोटाला जी खूण सांगायची, तीच गावातल्या गळ्यासाठी वापरायची. या दोन्हींमधून त्यांच्या स्वतःच्या हस्तलिखितांचा स्वभाव घडला. उत्तरकालीन रचनांत ते प्रत्येक भागाची लांबी मिनिटे-सेकंदांत लिहून ठेवतात. इतका काटेकोर हिशेब ठेवणारे रचनाकार फार नाहीत.

इथे एक गंमत सांगायला हवी. एवढा काटेकोरपणा मागणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या वादनाची ध्वनिमुद्रणे ऐकली तर ती लिहिल्याबरहुकूम नाहीत. ‘दहा सोप्या रचनां’मधली सेकेय लोकांच्या संध्याकाळवरची छोटी रचना ते बोलल्यासारखी वाजवतात, स्वर मागेपुढे सरकतात. ज्यांना बार्तोक म्हणजे हातोड्यासारखे पियानोवादन असे वाटते (‘आलेग्रो बार्बारो’ या १९११ च्या रचनेने हा समज पसरवला) त्यांनी ही मुद्रणे जरूर ऐकावीत. विद्यार्थ्यांच्या आठवणींतही हेच दिसते. ते समजावून फारसे सांगत नसत. विद्यार्थ्याने चुकीचे वाजवले की शेजारच्या पियानोवर ते स्वतः वाजवून दाखवत, पुन्हा वाजवायला लावत, पुन्हा दाखवत, आणि हे न कंटाळता चालू राही. यूलिया सेकेय या त्यांच्या शिष्येने १९५७ मध्ये त्यांच्या अध्यापनावर आख्खे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातही ‘बार्तोक सर’च आहेत. हे शिकवणे बरेचसे आपल्या तालमीसारखे वाटते: गुरूने गावे, शिष्याने ऐकून तसे म्हणावे, मधले स्पष्टीकरण कमीत कमी. लिहिलेली खूण जितकी बारीक, तितकी ती कानाला मदत करते, पण शेवटी उचलायचे असते कानानेच, हे त्यांना लोकगीतांनी शिकवले होते.

आता नकाराकडे वळू. बार्तोक यांनी अकादमीत रचना हा विषय कधी शिकवला नाही. संधी नव्हती असे नाही. मित्र कोदाय त्याच संस्थेत रचना शिकवत होते, आणि हंगेरीची रचनाकारांची पुढची पिढी बव्हंशी त्यांच्या वर्गातून आली. अमेरिकेत गेल्यावरही, पैशांची चणचण असताना, एखाददुसरा खाजगी विद्यार्थी सोडता बार्तोक या कामाला तयार झाले नाहीत. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की दुसऱ्याच्या रचना सुधारत बसलो तर आपली धार मंदावेल अशी त्यांना धास्ती होती. ते खरेही असेल. पण धास्ती असती तर पियानोच्या वर्गाचीही असायला हवी होती, तिथेही दिवसभर दुसऱ्यांचेच संगीत कानावर पडत होते. मला यात भीतीपेक्षा मत दिसते. हात आणि कान शिकवता येतात, कारण त्यांच्या अडचणी एकामागोमाग लावता येतात. सुचणे असे लावता येत नाही. ज्याला अडचणींची क्रमवारी करण्याचा इतका नाद होता, त्याला जिथे क्रमवारी लागत नाही ती जागाही नेमकी ठाऊक होती. कोदाय यांनी नंतर हंगेरीच्या शाळांत गाण्यातून संगीत शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिच्या यशाची तुलना बार्तोक यांच्या वर्गाशी अनेकजण करतात आणि बार्तोक यांना उणे ठरवतात. ही तुलना चुकीच्या मोजपट्टीने होते. कोदाय यांना समाजाला गाते करायचे होते. बार्तोक यांना एकेका अडचणीचा तळ गाठायचा होता.

१९२६ हे वर्ष या दृष्टीने मोलाचे. त्याआधी काही वर्षे पियानोसाठी त्यांनी फारसे लिहिले नव्हते. दौऱ्यांत वाजवायला स्वतःच्या नव्या रचना हव्या होत्या, आणि एका वर्षात सोनाटा, ‘घराबाहेर’ ही पाच रचनांची मालिका, नऊ छोट्या रचना आणि पहिला पियानो कॉन्चेर्टो लिहून झाले. ‘मिक्रोकोस्मोस’मध्ये गेलेल्या काही रचनाही या वर्षीच्याच. संग्रह पुरा व्हायला मात्र १९३९ उजाडले. सहा खंड, १५३ रचना, पहिल्या चार खंडांना जोडून ३३ व्यायाम. पहिले दोन खंड धाकटा मुलगा पेतर याला अर्पण केलेले आहेत. पेतर नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शिकवायला घेतले. त्याने नंतर लिहिले आहे की सुरुवातीला पियानोला हात न लावता फक्त गावे लागे, आणि कधीकधी तासाच्या मध्येच वडील त्याला थांबायला सांगून टेबलाशी जात, थोड्या वेळाने शाई ओली असलेला एखादा व्यायाम घेऊन येत. पहिल्या सहा रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात, पाच स्वरांच्या आत. मग हात वेगळे होतात, एक दुसऱ्याच्या मागून त्याच वाटेने जातो, म्हणजे कॅनन. मग दोघांना वेगळे स्वर, वेगळ्या लयी. अखेरच्या खंडांत पोचेपर्यंत आपण मैफलीत वाजवायच्या रचनांपाशी आलेलो असतो, आणि अवघडपणाची पायरी कुठे चढलो ते कळतही नाही.

क्रमांक १४२ ची रचना ‘माशीच्या रोजनिशीतून’ ही घ्या. दोन्ही हात पट्ट्यांच्या एकाच तुकड्यावर, एकमेकांत अडकलेले, लगतच्या स्वरांवर घोटाळतात. माशी जाळ्यात सापडते, धडपडते, सुटते. ऐकणाऱ्याला हसू येते. पण वादकासाठी ही जवळजवळच्या स्वरांच्या टकरीची, हात एकमेकांवर न आपटता वाजवण्याची तालीम आहे, आणि रचनाकारासाठी तो लगतच्या स्वरांच्या खुपणाऱ्या आवाजाचा प्रयोग आहे. लगतचे स्वर एकत्र दाबून मिळणारा तोच आवाज ‘घराबाहेर’मधल्या रात्रीच्या संगीतात बेडकांच्या आणि किड्यांच्या रूपाने ऐकू येतो. शेवटच्या सहा रचना, १४८ ते १५३, बल्गेरियन तालांतल्या नृत्यांच्या आहेत. मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. सात मात्रांचा रूपक तीन-दोन-दोन असा पडतो, हे आपल्या कानाला पटवून द्यावे लागत नाही. बार्तोक यांच्या १४९ क्रमांकाच्या नृत्यात ते सात, दोन-दोन-तीन असे येतात. १५२ मध्ये नऊ, दोन-दोन-दोन-तीन. फरक वेगाचा आहे. मात्रा इतक्या जलद जातात की त्या मोजणे शक्य नाही, आखूड आणि लांब ठोका एवढेच अंगात भिनवावे लागते. सारख्या ठोक्यांवर वाढलेल्या पश्चिम युरोपीय वादकाला हे भलतेच जड जाते. या तालांवर बार्तोक यांनी १९३८ मध्ये एक व्याख्यानही दिले. लोकसंगीताचे संशोधन, रचना आणि पियानोचा तास यांतली भिंत या सहा नृत्यांत कुठे घालायची, हे कोणी सांगून दाखवावे. पुणे, मुंबई, पणजीत परदेशी परीक्षा मंडळांच्या पियानो परीक्षांना बसणारी मुले आज बार्तोक यांना ओळखतात ती याच संग्रहातून आणि ‘मुलांसाठी’मधून, क्वार्टेटमधून नव्हे.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा: बार्तोक यांचे मोठेपण छोट्या शिकाऊ रचनांत नाही. ‘निळ्यादाढीचा किल्ला’ हा १९११ चा ऑपेरा, १९२६ मध्ये कोलोनला पहिल्याच प्रयोगानंतर बंदी आलेला ‘चमत्कारिक मँडरिन’, चौथे आणि पाचवे क्वार्टेट, १९३६ चे तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि चेलेस्टा यांच्यासाठीचे संगीत, ही शिखरे. त्यांच्यात वर्ग कुठे आहे? ऑपेरा आणि मँडरिनबद्दल मी हट्ट धरणार नाही. त्यांची मुळे रंगभूमीत आणि त्या काळाच्या मनोवस्थेत आहेत. पण १९३६ ची रचना पाहा. पहिला भाग फ्यूगचा. विषय लगतच्या स्वरांच्या अरुंद पट्ट्यात फिरतो, तो एकेका आवाजाने वर-खाली दूर जात पसरतो, सर्वांत दूरच्या स्वरावर पोचतो, उलटा होतो आणि परत येतो. एका गोष्टीचा क्रमाक्रमाने विस्तार, त्याच गोष्टीचे उलटे रूप, मग मिटणे. ही बाखची शिस्त आहे, पण बाखच्या फ्यूगांना अडचणींच्या क्रमाने लावताना बार्तोक यांनी आत्मसात केलेली. शेवटच्या भागात तोच विषय मोकळ्या, रुंद अंतरांच्या स्वरांवर येतो, अरुंदाचे रुंद होते. ‘मिक्रोकोस्मोस’मध्ये हीच युक्ती एका पानात मुलाला दाखवलेली सापडते. मोठी रचना छोटीतून निघाली असे मी म्हणत नाही. दोन्ही ज्या हाताने लिहिल्या त्या हाताला वळण कुठे लागले, एवढाच माझा मुद्दा आहे.

सरकारी संस्थेतली नोकरी म्हणजे राजकारणही आले. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये हंगेरीत काही महिने कम्युनिस्ट सत्ता होती. संगीताच्या सल्लागार मंडळात बार्तोक, कोदाय, दोहनान्यी तिघे होते. सत्ता कोसळल्यावर कोदाय यांच्यामागे चौकशी लागली. १९२० च्या तहाने हंगेरीचा मोठा भूभाग शेजारी देशांत गेला, आणि बार्तोक यांची रुमानियन, स्लोव्हाक गावे एकाएकी परदेशात पडली. त्याच वर्षी रुमानियन लोकसंगीतावर लिहिल्याबद्दल त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला गेला. या सगळ्यात पियानोचा वर्ग चालू राहिला. ज्या विषयाचे राजकारण होत नाही असा विषय शिकवणे हे त्या काळात निवाऱ्यासारखे होते, असा तर्क करायला जागा आहे. १९३४ मध्ये वर्ग सोडला म्हणजे त्यांनी त्या कामावर निकाल दिला, असेही कोणी म्हणेल. पण वर्ग सोडल्यावर त्यांनी पूर्ण केले काय, तर ‘मिक्रोकोस्मोस’. मुलांच्या आणि स्त्रियांच्या आवाजांसाठी दोन-तीन सुरांची २७ समूहगीते १९३५ मधली. वर्ग सुटल्यावरही वर्गाचा विचार चालूच होता.

ऑक्टोबर १९४० मध्ये ते दुसरी पत्नी दित्ता यांच्यासह न्यूयॉर्कला पोचले. नाझी जर्मनीचा वाढता दाब सोसेना, आणि आई १९३९ च्या डिसेंबरमध्ये वारली होती, त्यामुळे मायदेशात थांबवणारा मोठा धागा तुटला होता. कोलंबिया विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली, संशोधक मिलमन पॅरी यांनी युगोस्लाव्हियात ध्वनिमुद्रित केलेल्या गीतांवर काम करायला दिले. हार्वर्डमधली १९४३ ची व्याख्याने आजारपणाने अर्धवट राहिली. मैफली कमी होत गेल्या. रायनर आणि व्हायोलिनवादक योझेफ सिगेती यांनी बोस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक कूसेवित्स्की यांच्याकडे शब्द टाकला म्हणून ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’चे काम मिळाले, आणि १ डिसेंबर १९४४ रोजी बोस्टनमध्ये त्याचे पहिले वादन झाले. यातले रायनर हे त्यांच्या वर्गातले जुने विद्यार्थी, हे चरित्रकार सांगतात, पण त्याला फारसे महत्त्व देत नाहीत. वादकांचे घराणे निर्माण केले नाही म्हणून ज्या शिक्षकाला उणे ठरवले जाते, त्याच्या अखेरच्या काळातल्या सर्वाधिक लोकप्रिय रचनेच्या मागे एक विद्यार्थी उभा होता.

तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांनी दित्तासाठी लिहायला घेतला. दित्ताही मूळच्या त्यांच्या पियानोच्या विद्यार्थिनी, आणि १९३८ मध्ये बाझलला दोन पियानो व तालवाद्यांचा सोनाटा त्यांनी बार्तोक यांच्या जोडीने पहिल्यांदा वाजवला होता. हा कॉन्चेर्टो पहिल्या दोनपेक्षा हलका, वादकाच्या हाताशी कमी झगडणारा आहे. टीकाकार याला थकव्याचे किंवा तडजोडीचे लक्षण मानतात. पण तो एका विशिष्ट वादिकेच्या हातासाठी, तिला पुढे मैफलींत वाजवता यावा म्हणून लिहिला आहे, आणि विशिष्ट हाताला मापून लिहिणे हेच तर बार्तोक १९०८ पासून करत आले होते. २६ सप्टेंबर १९४५ ला ते वारले तेव्हा वाद्यवृंदाच्या फक्त १७ मात्राखंडांची मांडणी राहिली होती, ती टिबोर शेर्ली यांनी केली. अमेरिकेतल्या त्याच अखेरच्या वर्षांत त्यांनी ‘मुलांसाठी’ पुन्हा हाती घेतला होता. ८५ पैकी सहा रचना काढून टाकल्या, काहींच्या साथीचे स्वर बदलले, आणि ७९ रचनांची आवृत्ती तयार केली. तिसऱ्या कॉन्चेर्टोचे पहिले वादन फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबर झाले, तेव्हा पियानोवर दित्ता नव्हत्या. वाजवणारे होते डर्ज शांदोर, बुडापेस्टमध्ये बार्तोक यांच्याकडे पियानो शिकलेले.